वहीचं कूळ

गेल्या वर्षी लातूरला बहिणीकडे गेलो, तेव्हा भाचा दिवाणावर मांडी घालून वही लिहीत बसला होता. बारावीचं वर्ष. एका बाजूला झेरॉक्सचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला कोरं जर्नल. शीर्षकं काळ्या पेनानं, मजकूर निळ्यानं. प्रस्तावना, उद्दिष्टे, महत्त्व, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष. प्रकल्पाचा विषय होता 'मुठा नदीचे जलप्रदूषण'. पुण्याची ही मुठा त्यानं जन्मात पाहिलेली नाही.

"झेरॉक्सवाल्याकडं हीच उरली होती," तो म्हणाला. "प्लास्टिकबंदीची संपली."

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. वहीबद्दल तसं कुणी काही म्हटलेलं नाही.

या वहीचा जन्म शाळेत झाला नाही, कोर्टात झाला. गंगेच्या आणि ताजमहालाच्या खटल्यांनी नाव झालेले वकील एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात एक अर्ज केला. मागणं साधं होतं. पर्यावरण जपणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे असं १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं घटनेत लिहून ठेवलंय, पण ते नागरिकाला सांगणार कोण? २२ नोव्हेंबर १९९१ ला निकाल लागला. त्यात पहिला मान शाळेला नव्हता, थिएटरला होता. प्रत्येक खेळाआधी पर्यावरणाच्या किमान दोन स्लाइड फुकट दाखवायच्या आणि ही अट परवान्यातच घालायची. आकाशवाणी-दूरदर्शनलाही रोजची काही मिनिटं द्यायला सांगितलं. मग शाळा-कॉलेजं आली. परीक्षा मंडळांनी विषय टप्प्याटप्प्यानं सक्तीचा करावा आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं कॉलेजातल्या सक्तीचा विचार करावा. म्हणजे सिनेमाची स्लाइड आणि भाच्याची वही या सख्ख्या बहिणी. स्लाइड चालू असताना पब्लिक खुर्ची शोधत असायचं आणि शेंगदाणेवाला फिरत असायचा. वहीचं तरी वेगळं काय झालं?

आदेश निघाला, पण हललं फारसं काही नाही. १८ डिसेंबर २००३ ला न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. मग मात्र धावपळ झाली. एनसीईआरटीनं पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम आखला. त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा एकच अभ्यासक्रम काढला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेतल्या डॉ. एरच भरुचांनी. पेशानं शल्यविशारद, ओढा जंगलाकडे. त्या अभ्यासक्रमात ५० तास आणि आठ घटक होते, आणि आठवा घटक होता क्षेत्रभेटीचा. नदी, जंगल, डोंगर, नाहीतर एखादी प्रदूषित जागा बघून या, तिची नोंद करा. त्याला ५० पैकी पाच तास आणि १०० पैकी २५ गुण. पाच तासांत नदी कितीशी कळणार, हा प्रश्न आहेच. पण बाहेर पडा, असं कागदावर तरी होतं.

आपल्याकडे अकरावी-बारावीत त्या बाहेर पडण्याची झाली वही. काही वर्षं बारावीचे गुण ६५० पैकी मोजत, त्यातले ५० या विषयाचे. फुकटचे गुण कुणाला नकोत? स्टेशनरीच्या दुकानात तयार नमुने आले आणि निरीक्षण न करता 'निरीक्षणे' भरायची सोय झाली. दोष पोरांना देण्यात अर्थ नाही. साठ-सत्तर पोरांचा वर्ग नदीवर न्यायला ना बस, ना वेळ. पोर बुडालं तर जबाबदारी कुणाची, या भीतीनं मास्तरही गप्प.

पण या वहीला कोर्टाच्या आधीचं एक आजोळही आहे, ते कुणी सांगत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नयी तालीम निघाली. तिथं विषयांचे कप्पे नव्हते. मूल सूत कातणार, मग कापूस कुठल्या जमिनीत येतो, पाऊस किती लागतो, असं सगळं त्या टकळीच्या टोकाशी येऊन मिळणार. याला समवाय म्हणत. शब्द जड आहे, गोष्ट शेतकऱ्याच्या घरात रोज घडणारी.

त्याहून मला जवळची वाटते ती ताराबाई मोडकांची कुरणशाळा. १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ डहाणूजवळ बोर्डीला आल्या, पुढं कोसबादच्या टेकडीवर गेल्या. वारली पोरं शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे असत. तेव्हा पोरांना ओढून आणण्याऐवजी ताराबाईंनी शाळाच कुरणावर नेली. गुरं चरताहेत आणि शाळा भरलीय. साहित्य म्हणजे खडे, शिंपले, बिया, पानं. विकतचं फारसं काही नाही. त्या पोराला 'परिसर' हा शब्द कशाला शिकवायला हवा होता? ते बसलंच होतं परिसरात.

तसाच एक धागा मध्य प्रदेशात होशंगाबादला होता. १९७२ मध्ये १६ शाळांतून विज्ञान हातानं करून शिकवायचा प्रयोग सुरू झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्याच्या मदतीला होते. पुढं तो शेकडो शाळांत पसरला आणि २००२ मध्ये राज्य सरकारनं बंद केला. पुढच्याच वर्षी न्यायालयानं पर्यावरण शिकवा म्हणून पुन्हा दटावलं. ही दोन वर्षं शेजारी-शेजारी ठेवून बघावीत.

बालभारतीनं मात्र एक चांगली गोष्ट केली. तिसरीचं 'परिसर अभ्यास' जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढलं. लातूरच्या पोराला लातूरचं. पण तिसरीतून बारावीत येता-येता पोर लातूरहून थेट मुठेकाठी कसं पोचतं, हे कोडंच आहे.

कारण लातूरकराला विषय शोधायला लांब जावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली आणि हजारो माणसं गेली. त्यांतली कितीतरी गेली ती घरामुळं. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं घर झोपेतल्या माणसांवर कोसळलं. दख्खनचं हे पठार स्थिर समजलं जाई. भूशास्त्राचा याहून मोठा धडा कुठल्या जर्नलात आहे?

आणि २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं, १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा डबे, पाच लाख लिटर. भाचा तेव्हा आठ वर्षांचा. मी सहज विचारलं, आठवतंय का?

पेन बाजूला ठेवून तो सांगत सुटला. टँकर गल्लीत कधी यायचा याचा नेम नव्हता, म्हणून घागरींची रांग रात्रीच लागायची आणि कुणाची कुठली घागर हे झाकणाला बांधलेल्या चिंधीवरून कळायचं. आईनं तांदूळ धुतलेलं पाणी आधी भांड्यांना, मग फरशीला, मग तुळशीला. आंघोळ परातीत बसून, म्हणजे तेच पाणी संडासला. पाचव्या दिवसाच्या पाण्याला वास यायचा, तो तुरटीनंही जायचा नाही.

"मग हे लिही की," मी म्हटलं. "निरीक्षणे म्हणून."

"मामा, त्याला निरीक्षण नाही म्हणत," असं म्हणून त्यानं पुन्हा निळं पेन उचललं. मुठेच्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू अजून उतरवायचा राहिला होता.