कॉर्बेट यांच्या दोन रायफली आणि तीनशे मीटरांचे गणित

१९०७ साली कुमाऊँमधील चंपावतची नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेट यांनी मारली. तिच्या नावावर ४३६ बळींची नोंद होती. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. कॉर्बेट यांची दुसरी प्रसिद्ध रायफल म्हणजे जेफरी कंपनीची .४५०/४०० दुनळी. या दोन काडतुसांत शस्त्रविद्येचे दोन कालखंड शेजारी उभे आहेत.

.४५०/४०० चे मूळ काळ्या दारूच्या युगात आहे. तिची बोथट गोळी सुमारे २६ ग्रॅम वजनाची असून नळीतून सेकंदाला साधारण ६४० मीटर वेगाने निघते. .२७५ हे जर्मन ७×५७ माउझर काडतुसाचेच इंग्रजी नाव. बोअर युद्धात (१८९९-१९०२) याच काडतुसाने ब्रिटिश सैन्याला दूरच्या अचूक माऱ्याचा धडा शिकवला. तिची नऊ ग्रॅमची टोकदार गोळी सुमारे ८२० मीटर वेग घेते.

हवेचा विरोध वगळला, तरी तीनशे मीटर अंतर कापताना जड गोळी १०८ सेंटिमीटर खाली येते, हलकी ६६ सेंटिमीटर. प्रत्यक्षात हवा दोघींनाही मंदावते. परंतु बोथट टोकाला तिचा अडथळा अधिक होत असल्याने हे अंतर आणखी वाढते. उलट नळीच्या तोंडाशी जड गोळीची ऊर्जा सुमारे ५,३०० ज्यूल, तर हलकीची ३,००० ज्यूल भरते.

म्हणजे लांब पल्ल्यात .२७५ निर्विवाद सरस. परंतु कुमाऊँच्या झाडीत तीनशे मीटर दृष्टी पोहोचतेच कुठे? १९३० मध्ये चौगढच्या वाघिणीवर कॉर्बेट यांनी एका हाताने गोळी झाडली, ती अवघ्या काही फुटांवरून. तेथे प्रक्षेपमार्गाचे गणित निरर्थक होते; निर्णायक ठरले ते प्रसंगावधान.

मात्र सपाट मार्गाच्या या वेगवान गोळ्यांनी दुरून शिकार सोपी केली आणि मोकळ्या रानातील प्राण्यांचे सुरक्षित अंतर संपवले. माणसाच्या या वाढत्या पल्ल्याला मर्यादा घातली ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ कॉर्बेट यांच्याच नावाच्या उद्यानातून झाला. २०२२ च्या गणनेत तेथे २६० वाघ आढळले. देशातील कोणत्याही व्याघ्र प्रकल्पापेक्षा अधिक. त्यांची ओळख पटवली ती कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांवरून.