यादीत नसलेले नाव : सॅम मिल्स आणि अमेरिकन फुटबॉलची बंद दारे

#थ्रेड #इतिहास #क्रीडेतिहास

२८ आणि २९ एप्रिल १९८१. न्यूयॉर्कमध्ये दोन दिवस एक यादी तयार होत होती. नॅशनल फुटबॉल लीगचे, म्हणजे एनएफएलचे २८ संघ १२ फेऱ्यांमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करीत होते. पहिले नाव पुकारले गेले जॉर्ज रॉजर्सचे. त्याला न्यू ऑर्लिन्स सेंट्सने घेतले. दुसरे नाव लॉरेन्स टेलरचे. दुसऱ्या फेरीत माइक सिंगलटरी आणि रिकी जॅक्सन. टेलर, सिंगलटरी आणि जॅक्सन हे तिघेही लाइनबॅकर. त्यांची नावे ध्यानात असू द्या. तीनशेहून अधिक नावे झाली आणि यादी संपली. न्यू जर्सीचा २१ वर्षांचा सॅम मिल्स तिच्यात कोठेच नव्हता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याद्यांचे आकर्षण असते. जमाबंदीची असो, सैन्याच्या हजेरीची असो वा बक्षीसपत्रांची. पण यादीत कोण आहे यापेक्षा ती कोणी, कोणत्या हेतूने केली आणि तिने कोणाला बाहेर ठेवले हा प्रश्न अधिक बोलका ठरतो. म्हणून मिल्सकडे वळण्यापूर्वी या यादीचाच थोडा इतिहास पाहू.

आपल्याला आयपीएलचा लिलाव परिचित आहे. अमेरिकन ‘ड्राफ्ट’ हा त्याच्या अगदी उलट प्रकार. येथे बोली लागत नाही. संघ ठरलेल्या क्रमाने खेळाडू निवडतात. ज्याने निवडले त्याच्याशीच करार करायचा, नाहीतर लीगमध्ये खेळायचे नाही. ही पद्धत १९३६ साली सुरू झाली. कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. त्यांचा संघ दुबळा होता. श्रीमंत संघांशी पैशांची स्पर्धा करणे त्यांना परवडत नव्हते. दुर्बल संघाला आधी निवड मिळावी, हा युक्तिवाद न्याय्य वाटणारा होता. मात्र त्याचा दुसरा परिणाम असा झाला, की खेळाडूसाठी चढाओढ करणारा दुसरा ग्राहकच उरला नाही. मजुरी आपोआप आटोक्यात राहिली. गंमत म्हणजे त्या पहिल्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू जे बर्वँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

तर ही व्यवस्था ज्याला निवडते त्याला बांधून ठेवते, आणि ज्याला निवडत नाही त्याला मोकळे सोडते. कागदोपत्री हे स्वातंत्र्यच. परंतु ग्राहक एकच असेल तर या स्वातंत्र्याचे करायचे काय?

मिल्सला का वगळले, याचे उत्तर सरळ होते. त्याची उंची ५ फूट ९ इंच. लाइनबॅकर हा बचावफळीच्या मागे उभा राहणारा खेळाडू. समोरची चाल वाचायची, चेंडू घेऊन धावणाऱ्याला आडवे जाऊन पाडायचे, प्रसंगी मागे सरकून पास तोडायचा, अशी तिहेरी जबाबदारी त्याच्यावर असते. समोर सव्वासहा फुटी धिप्पाड माणसांची भिंत असते. तिच्यावरून पलीकडचे दिसायला हवे, म्हणून प्रशिक्षकांना उंच लाइनबॅकर हवे असत. टेलर ६ फूट ३ इंचांचा होता. सिंगलटरी ६ फुटांचा, आणि तोही बुटका गणला जाई!

त्यात मिल्सचे महाविद्यालय माँटक्लेअर स्टेट. १९०८ साली शिक्षक घडविण्यासाठी स्थापन झालेली ही संस्था. फुटबॉलमध्ये ती तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये खेळे. या श्रेणीत क्रीडा शिष्यवृत्ती नसते, दूरचित्रवाणीचे कॅमेरे क्वचितच येतात आणि मोठ्या संघांचे निवडकर्तेही फारसे फिरकत नाहीत. अशा ठिकाणी एखाद्याने कितीही टॅकल केले, तरी ‘पण समोर होते कोण?’ हा प्रश्न उरतोच.

ड्राफ्टनंतर क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला सराव शिबिरास बोलावले. शिबिर संपताना हाती नारळ मिळाला. मग त्याने सीमा ओलांडून कॅनडाच्या लीगमधील टोरंटो अर्गोनॉट्सकडे प्रयत्न केला. तेथेही हंगाम सुरू होण्यापूर्वीच नकार. मिल्स न्यू जर्सीला परतला आणि ईस्ट ऑरेंज येथील हायस्कुलात फोटोग्राफी शिकवू लागला.

येथे क्षणभर थांबू. पुढचे सारे ठाऊक असल्यामुळे आपण या टप्प्याला ‘संघर्षाचा काळ’ म्हणून मोकळे होतो. पण १९८२ साली त्या वर्गात उभ्या असलेल्या माणसापुढे पुढचे काहीच नव्हते. ही दोन प्रकरणांमधली मोकळी जागा नव्हती. हेच त्याचे आयुष्य होते. त्याच्याएवढ्याच ताकदीची आणखी किती माणसे अशाच वर्गांत, कारखान्यांत, गोदामांत निवृत्तीपर्यंत राहिली, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

मिल्सच्या बाबतीत जे बदलले ते त्याच्या आटोक्यातले मुळीच नव्हते. काही धनिकांनी एक प्रतिस्पर्धी लीग उभी केली : युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग, अर्थात यूएसएफएल. १९८२ साली घोषणा, १९८३ च्या वसंतात १२ संघांसह प्रारंभ. एनएफएल हिवाळ्याकडे झुकणाऱ्या मोसमात खेळते, म्हणून आपण वसंतात खेळू, हा त्यामागचा हिशेब. नव्या लीगला शेकडो खेळाडू एकदम हवे होते. एकाच ग्राहकाची बाजारपेठ अकस्मात दोन ग्राहकांची झाली.

फिलाडेल्फिया स्टार्स या संघाने मिल्सला घेतले. प्रशिक्षक होते जिम मोरा. चेंडू जेथे जाई तेथे मिल्स आधीच हजर असे. ज्या उंचीमुळे त्याला नाकारले होते, तीच मैदानात उपयोगी पडू लागली. कुस्ती पाहणाऱ्यांना हे सांगायला नको : जो खालून शिरतो त्याचा पट बसतो. धिप्पाड अडवणाऱ्याला मिल्सच्या छातीखाली शिरताच येत नसे. मिल्सच त्याच्या खाली शिरे. ‘फील्ड माउस’, म्हणजे शेतातला उंदीर, हे त्याचे टोपणनाव पडले, आणि ते कौतुकाचे होते.

यूएसएफएल तीन हंगाम चालली आणि तिन्ही अंतिम सामने स्टार्स खेळले. १९८३ साली मिशिगन पँथर्सकडून २४-२२ असा निसटता पराभव, १९८४ साली ॲरिझोना रँग्लर्सवर २३-३ असा विजय. १९८५ मध्ये संघाचे नाव बाल्टिमोर स्टार्स झाले होते. त्या वर्षी ओकलंड इनव्हेडर्सला २८-२४ असे हरवून पुन्हा विजेतेपद.

मग लीगच कोसळली. वसंत सोडून थेट एनएफएलच्याच मोसमात उतरावे, असा हट्ट काही मालकांनी धरला. त्यांत न्यू जर्सी जनरल्सचे मालक सर्वांत आग्रही होते. त्यांचे नाव डोनाल्ड ट्रम्प. होय, तेच. त्याच सुमारास एनएफएलविरुद्ध मक्तेदारीचा खटला दाखल झाला. २९ जुलै १९८६ रोजी ज्युरीने निकाल दिला : एनएफएलने मक्तेदारी केली हे खरे, नुकसानभरपाई १ डॉलर. मक्तेदारीविरोधी कायद्यानुसार भरपाई तिप्पट होते, म्हणून ३ डॉलर. पुढे व्याजासह ती रक्कम ३ डॉलर ७६ सेंट भरली. कोट्यवधींची मागणी करणारी लीग एवढ्या रकमेवर संपली.

मिल्सची कहाणी बहुधा ‘चिकाटीचे फळ’ या मथळ्याखाली सांगितली जाते. त्याची चिकाटी मला अमान्य नाही. पण १९८१ आणि १९८२ सालीही ती त्याच्यापाशी होतीच, आणि तेव्हा तिच्या बदल्यात दोन नकार मिळाले होते. १९८३ साली माणूस तोच, उंची तीच, चिकाटीही तीच. बदलली होती ती बाजारपेठ. हा घटक वगळून सांगितलेली कथा ऐकायला गोड लागते, पण तो इतिहास नव्हे.

१९८६ च्या प्रारंभी मोरा न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि मिल्सला सोबत घेऊन गेले. एनएफएलमध्ये पहिला सामना खेळताना तो २७ वर्षांचा होता. या खेळात अनेकांची कारकीर्द त्या वयापर्यंत संपलेली असते. सेंट्स हा १९६७ पासून खेळणारा संघ, पण विजयांची संख्या पराभवांहून अधिक असा एकही हंगाम त्याच्या नावावर नव्हता. १९८७ साली १२ विजय, ३ पराभव. संघ प्रथमच प्लेऑफमध्ये पोहोचला. तेथे मिनेसोटा व्हायकिंग्जने ४४-१० असा फडशा पाडला, ही गोष्ट वेगळी.

सेंट्सच्या बचावात चार लाइनबॅकर असत : कडांना रिकी जॅक्सन आणि पॅट स्विलिंग, मध्ये मिल्स आणि वॉन जॉन्सन. जॉन्सनही यूएसएफएलमधूनच आलेला. सुपरडोम या त्यांच्या घरच्या मैदानावरून चौकडीला ‘डोम पेट्रोल’ म्हणत. १९९२ च्या हंगामात चौघांचीही प्रो बोलसाठी, म्हणजे वर्षातील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड झाली. एकाच संघाचे चार लाइनबॅकर तेथे जाण्याची ही पहिलीच वेळ. जॅक्सन १९८१ च्या त्याच यादीतला. स्विलिंग १९८६ च्या यादीतला. जॉन्सनला १९८४ साली यूएसएफएलच्या खेळाडूंसाठी घेतलेल्या पुरवणी यादीतून सेंट्सने राखून ठेवले होते. मिल्स कोणत्याच यादीतला नव्हता.

एवढा भक्कम बचाव असूनही सेंट्स त्या वर्षांत प्लेऑफचा एकही सामना जिंकू शकले नाहीत. १९८७, १९९०, १९९१, १९९२ : चार प्रयत्न, चार पराभव. चाहत्यांच्या मनातली ती सल अजून गेलेली नाही.

१९९५ साली नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे कॅरोलायना पँथर्स हा नवा संघ उभा राहिला. मुख्य प्रशिक्षक डॉम केपर्स. तेही स्टार्स आणि सेंट्सच्या प्रशिक्षकवर्गात असलेले. बुडालेल्या लीगने जोडलेली माणसे दहा वर्षांनीही एकमेकांना शोधत होती, हे येथे नमूद करायला हवे. मिल्स ३६ वर्षांचा होता. पँथर्सने पहिले पाचही सामने गमावले. १५ ऑक्टोबर १९९५ रोजी न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध मिल्सने क्वार्टरबॅक बबी ब्रिस्टरचा हलका पास हवेतच पकडला आणि ३६ यार्ड धावत जाऊन टचडाऊन केला. (३६ वर्षे, ३६ यार्ड, हा निव्वळ योगायोग, पण टिपून ठेवण्याचा मोह आवरला नाही.) पँथर्स २६-१५ ने जिंकले, संघाच्या इतिहासातील हा पहिला विजय.

पुढच्याच हंगामात १२ विजय मिळवून, डॅलस काउबॉइजला नमवून हा दोन वर्षांचा संघ सुपर बोलच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचला. ३७ वर्षांचा मिल्स त्या वर्षी पाचव्यांदा प्रो बोलसाठी निवडला गेला. १९९७ च्या हंगामानंतर त्याने खेळ थांबवला, तेव्हा एनएफएलमधील त्याचे सामने झाले होते १८१. पँथर्सने स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभारला आणि त्याला प्रशिक्षकवर्गात ठेवून घेतले. शिक्षक पुन्हा शिकवू लागला.

ऑगस्ट २००३ मध्ये त्याला आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. डॉक्टरांनी महिन्यांच्याच भाषेत मुदत सांगितली होती. केमोथेरपी सुरू असतानाही तो सरावाला येत राहिला. त्याच वर्षी संघातील लाइनबॅकर मार्क फील्ड्स यालाही कर्करोग झाल्याचे समोर आले. जानेवारी २००४ मध्ये डॅलसविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यापूर्वी मिल्स संघासमोर बोलला. आशय एवढाच, की आजार कळला तेव्हा माझ्यापुढे दोनच मार्ग होते : सोडून देणे किंवा घाव घालीत राहणे; आणि मी लढणारा माणूस आहे. ‘कीप पाउंडिंग’ हे त्याचे शब्द. पँथर्सने तो सामना २९-१० असा जिंकला आणि ते सुपर बोलपर्यंत गेले. तेथे न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून ३२-२९ असे हरले.

१८ एप्रिल २००५ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, शार्लट येथे मिल्सचे निधन झाले. पँथर्सने त्याचा ५१ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला. २०१२ पासून संघाच्या जर्सीच्या कॉलरमध्ये आतल्या बाजूने ते दोन शब्द शिवलेले असतात.

ओहायोमधील कँटन येथे या खेळाचे सन्मानदालन आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडू पात्र होतो आणि वीस वर्षे त्याचा विचार नेहमीच्या यादीतून होऊ शकतो. मिल्सचे नाव एकोणीस वर्षे मागे पडत राहिले. विसाव्या, म्हणजे अखेरच्या संधीत, २०२२ साली, ते निवडले गेले. ६ ऑगस्ट रोजी त्याच्या पत्नी मेलनी मिल्स यांनी त्याच्या वतीने भाषण केले. सिंगलटरी तेथे १९९८ साली पोहोचला होता, टेलर १९९९ साली आणि जॅक्सन २०१० साली.

जे बर्वँगरने एनएफएल का नाकारली, यावर स्वतंत्र थ्रेड हवा असल्यास खाली सांगा.