कानाने चालणारे शस्त्र

डोळे आणि कान यांच्यात चार बोटांचे अंतर असते असे आपल्याकडे म्हणतात, आणि त्या म्हणण्याचा रोख उघड आहे: पाहिले ते खरे, ऐकले ते ऐकीव. न्यायसभेत हा दंडक योग्यच होय. परंतु मनुष्यदेहाच्या अंतर्भागात, जेथे रक्ताने भरलेल्या अरुंद जखमेत दृष्टीचा अंमल चालत नाही आणि शस्त्राचे टोक नेमके कशाला टेकले आहे हे ते धरणाऱ्या हातालाही निश्चयाने सांगता येत नाही, तेथे शस्त्रवैद्यांनी कानाची साक्ष केवळ ग्राह्य मानली असे नव्हे, तर काही प्रसंगी तिच्यावाचून सुरी उचलू नये असा नियमच करून ठेवला. त्या साक्षीची ही कुळकथा आहे. तिच्या दोन शाखा आहेत आणि त्यांचे परस्परांशी फारसे जमत नाही, हे मात्र आरंभीच नमूद केलेले बरे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रोगपरीक्षेची साधने सांगताना कानाचीही गणना केलेली आहे, आणि फेसाळ रक्त ढकलीत वायू सशब्द बाहेर पडतो ही गोष्ट श्रवणाने जाणावी असे तेथे म्हटले आहे. पण ती परीक्षा झाली, शस्त्राचे मार्गदर्शन नव्हे. मूतखडा काढण्याचा जो विधी त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात आला आहे त्यात खड्याचा ठाव बोटांनीच घ्यावयाचा असतो. शस्त्र लावावे की आवरावे हे आवाजावरून ठरविण्याची वहिवाट युरोपात पडली, आणि तिलाही निमित्त झाला तो मूतखडाच. बाकदार पोलादी सळई मूत्रमार्गाने मूत्राशयात सोडून ती हलक्या हाताने इकडेतिकडे फिरवावयाची. खड्याला ती लागली म्हणजे मुठीला बारीकशी ठेच जाणवे आणि पाठोपाठ ‘टक्’ असा स्वच्छ ध्वनी येई. मूत्राशयाची जाड झालेली भिंत हाताला चकवू शके, कानाला मात्र मांस आणि पाषाण यांत घोटाळा होत नसे. म्हणून रोगी टेबलावर बांधून आणल्यावरही सळईला खडा पुन्हा लागल्याखेरीज छेद घ्यावयाचा नाही, आणि खडा त्या वेळी लागला नाही तर शस्त्रक्रिया तहकूब ठेवावयाची, हा त्या काळच्या जाणत्या शस्त्रवैद्यांचा कायदा होता. क्लोरोफॉर्म अद्याप ठाऊक नसलेल्या त्या दिवसांत तो किती दयाळू होता हे सांगावयास नको.

लाएनेकने १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात स्टेथोस्कोपची युक्ती काढली, त्यानंतर सातच वर्षांनी त्याचाच देशबंधू लिस्फ्रांक याने ही नळी अस्थिभंगाप्रमाणे मूतखड्याच्या शोधासही लावावी अशी तजवीज सुचविली. पुढे १८७८ साली बोस्टनच्या बिगेलोने खडा आतल्या आत फोडून त्याचा चुरा एकाच बैठकीत नळीवाटे शोषून घेण्याची पद्धत प्रचारात आणली, तेव्हा कानाचे काम वाढले. शेवटचा तुकडा आत राहिला आहे किंवा नाही, हे त्या नळीच्या तोंडावर तो आदळल्याच्या बारीक आवाजावरूनच कळावयाचे. ही पद्धत लहान मुलांना लागू पडणार नाही असे सर्वांस वाटत असता ती मुलांवर यशस्वी करून दाखविली ती होळकरांच्या इंदुरात, तेथील रेसिडेन्सी सर्जन कीगन याने, १८८० नंतरच्या दशकात.

खड्यानंतर आली बंदुकीची गोळी. १८६२ च्या ऑगस्टमध्ये आस्प्रोमोंते येथे गॅरिबाल्डीच्या घोट्यात गोळी शिरली आणि ती आत आहे की नाही यावर युरोपातले धन्वंतरी कित्येक आठवडे वाद घालीत बसले. अखेर पॅरिसच्या नेलातोंने टोकाला अनघड चिनी मातीचा मणी बसविलेली सळई तयार करविली, तिच्यावर शिशाचा काळा ओरखडा उमटला आणि वाद मिटला. ही साक्ष डोळ्यांची होती. मात्र त्याच सुमारास विजेचे मंडल गोळीने पूर्ण व्हावे आणि त्याची सूचना मिळावी अशा सळयांचीही चर्चा सुरू झाली.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर गितो नावाच्या माथेफिरूने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या पाठीत गोळी झाडली. गोळी कोठे गेली हे कोणासच सांगता येईना. डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि सळया त्या जखमेत घालून पाहिल्या, आणि पुढे जो पू झाला त्यात त्या बोटांचा वाटा गोळीपेक्षा कमी नसावा असेच आज मानले जाते. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याला ही वार्ता कळताच त्याने, सायमन न्यूकोम या ज्योतिर्विदाशी विचारविनिमय करून, एक जुनेच तत्त्व हाती घेतले. तारेची दोन वेटोळी अशा रीतीने परस्परांवर ठेवावयाची की एकातील खंडित प्रवाहाचा परिणाम दुसऱ्यात शून्य व्हावा आणि त्याला जोडलेला टेलिफोन मुका राहावा; जवळ धातू आला की हा तोल ढळतो आणि टेलिफोन बोलू लागतो. इंग्लंडात ह्यूजने १८७९ सालीच हा प्रवर्तन-तुला नावाचा प्रकार सिद्ध केलेला होता. बेल आणि त्याचा साहाय्यक टेंटर यांनी ओल्या कोंड्याच्या पोत्यात गोळ्या लपवून, मांसाच्या तुकड्यात खुपसून, इतकेच नव्हे तर यादवी युद्धातील गोळ्या अंगात बाळगणाऱ्या जुन्या शिपायांवर प्रयोग करून यंत्राची खातरजमा करून घेतली आणि २६ जुलैच्या संध्याकाळी ते यंत्र घेऊन ते अध्यक्षांच्या शयनगृहात दाखल झाले.

त्या संध्याकाळी टेलिफोनमधून नुसती खरखर आली. कंडेन्सर चुकीचा जोडला गेला होता. १ ऑगस्ट रोजी दुसरा प्रयत्न झाला, तेव्हा आवाज आला खरा, पण तो एका बिंदूवर न येता बऱ्याच विस्तीर्ण जागेवर अस्पष्टपणे येत राहिला. गादीखाली पोलादी तारांची जाळी होती आणि तिनेच बेलला फसविले, ही हकीकत लोकप्रिय आहे. परंतु बेलने पुढल्या वर्षी जो निबंध प्रसिद्ध केला त्यात त्याने तशीच दुसरी गादी मिळवून पाहिल्याचे आणि पलंगाच्या मानाने आवाजाचे क्षेत्र फारच लहान असल्यामुळे जाळीने अपाय केला नसावा असे वाटल्याचे लिहिले आहे. माझ्या मते दोष यंत्राइतकाच हुकुमाचा होता. गोळी उजव्या अंगाला आहे असे मुख्य वैद्य ब्लिस यांनी आधीच ठरविले होते, आणि शोध घेण्याची मुभा होती ती त्या बाजूपुरतीच. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड निवर्तले. शवपरीक्षेत गोळी निघाली ती कण्याच्या डावीकडे, स्वादुपिंडाच्या मागे.

या अपयशातून बेलने जी दुसरी वस्तू काढली तिचा उल्लेख लोक क्वचितच करतात, आणि मला तर तीच अधिक मोलाची वाटते. तिला बॅटरी लागत नव्हती. टेलिफोनच्या एका तारेला धातूची पट्टी जोडून ती रोग्याच्या ओलसर कातडीवर ठेवावयाची, दुसऱ्या तारेला त्याच धातूची सुई अथवा सळई बांधून ती जखमेत घालावयाची आणि टेलिफोन कानाशी धरावयाचा. दोन्ही धातू एकच असेपर्यंत शांतता असे. सुईचे टोक शिशाला लागले की देहातील क्षारयुक्त द्रवात दोन निराळ्या धातूंचा विद्युद्‌घट तयार होई आणि कानात खट्ट असा आवाज उमटे. हाडाला लागली तरी सुई गप्प, स्नायूला लागली तरी गप्प. न्यूयॉर्कच्या गर्डनर या डॉक्टरने ती वापरून तिचा पुरस्कार केला, आणि १८८६ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने बेलला वैद्यकाची सन्माननीय पदवी दिली ती याच सुईबद्दल.

१८९५ साली राँटगेनचे किरण आले आणि कानाची सद्दी संपली असे वाटले. तसे झाले नाही, कारण क्षकिरणांचे चित्र गोळी कोठे आहे हे सांगे, पण चाकू तिच्यापर्यंत पोचला की नाही हे सांगत नसे. म्हणून पहिल्या महायुद्धात लंडनच्या सर जेम्स मॅकेन्झी डेव्हिडसन यांनी, जे स्वतः क्षकिरणांचेच जाणकार होते, चिमट्याला आणि सुरीला तार जोडून टेलिफोन शस्त्रवैद्याच्या कानावर चढविला.

यानंतरची हकीकत शिशापासून सुटून जिवंत धातूंकडे वळते, येथे ‘धातू’ हा शब्द आयुर्वेदाच्या अर्थाने घ्यावा. केंब्रिजचे एड्रियन, ज्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, भेकाच्या नेत्रनाडीला विद्युदग्रे लावून अंधाऱ्या खोलीत वावरत असता ध्वनिवर्धकातून सतत चुरचुर ऐकू येत राहिली, आणि आपण त्या भेकाच्या दृष्टिक्षेत्रात हिंडत आहोत, त्याचा डोळा आपल्या हालचालींचीच वर्दी देत आहे, हे त्यांच्या काहीशा उशिराच ध्यानी आले. मज्जातंतूला वाचा असते आणि ती कानाने ऐकता येते हे एकदा कळल्यावर तिचा शस्त्रक्रियेत उपयोग होणे ओघानेच आले. १९६० नंतर पॅरिसमध्ये आल्ब-फेसार आणि गियो यांनी केसासारखे सूक्ष्म विद्युदग्र मेंदूत उतरवीत पेशींचा नाद ऐकण्यास आरंभ केला, आणि पुढे ग्रनोबलच्या बेनाबीद यांनी कंपवातावर मेंदूत कायमची तार बसविण्याचा उपचार रूढ केला तेव्हा हे ऐकणे त्याचे अंग बनले. विद्युदग्र मिलिमीटरच्या अंशाअंशाने पुढे सरकते. काही अंतर जवळजवळ मौनात जाते. मग अकस्मात ध्वनिवर्धक घनदाट खडखडाटाने भरून जातो, आणि जागा असलेल्या रोग्याचे मनगट हलविले की त्या गलबल्यात हालचालीचा ताल उमटतो. इष्ट केंद्र हाती आले.

श्रवणनाडीवरील गाठ काढताना शेजारच्या चेहऱ्याच्या नाडीला धक्का लागू नये, हा याच जातीचा दुसरा मामला. जर्मन शस्त्रवैद्य क्राउझने १८९८ साली नाडीला विजेचा स्पर्श करून चेहरा हलतो का हे पाहण्याची रीत घातली होती. १९८४ च्या सुमारास पिट्सबर्गमध्ये मोलर आणि जानेटा यांनी चेहऱ्याच्या स्नायूंतील विद्युत्स्पंदने ध्वनिवर्धकावर घातली, तेव्हापासून शस्त्रवैद्याला मान वर करण्याचे कारण उरले नाही. नाडीला ओझरता स्पर्श झाला की आखूड फटकारा येतो. तिला ताण पडत असला तर एकसारखी तडतड सुरू होते, आणि ती ऐकताच हात थांबतो. मात्र रक्त थांबविण्यासाठी विजेची डागणी लावली की तिच्या गोंगाटापायी हे यंत्र तेवढा वेळ मुके करावे लागते, म्हणजे सर्वांत धोक्याच्या क्षणी पहारेकरी बहिरा. ही उणीव विक्रेते फारशी सांगत नाहीत.

किरणोत्सर्गी द्रव्याची टिकटिक याच कुळातली. बोस्टनचे सेल्व्हरस्टोन आणि स्वीट यांनी १९४९ साली गायगर-गणित्राची सळई मेंदूत घालून फॉस्फरस शोषलेल्या अर्बुदाची सीमा शोधली, आणि १९९३ पासून स्तनाच्या कर्करोगात काखेतील पहिली लसिकाग्रंथी अशाच शोधकाने हुडकण्यात येऊ लागली. खुब्याचा सांधा बदलणारा अस्थिवैद्य तर कोणत्याही यंत्रावाचून ऐकतो: माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो त्याप्रमाणे, मांडीच्या हाडात रोपण ठोकताना हातोड्याचा स्वर चढत जाऊन स्थिर झाला की ते घट्ट बसले असे तो समजतो. कण्याच्या हाडात स्क्रूसाठी वाट पाडणारी पेडिगार्ड नावाची टोचणीही ऊतीची विद्युत्‌वाहकता मोजून स्वर बदलते. टणक हाडात मंद, रक्तापाशी उंच आणि द्रुत.

दुसरी शाखा निराळी. १९९० नंतर संगणकाच्या नकाशावर शस्त्राचे टोक दाखविण्याची पद्धत रूढ झाली. वैद्याचे डोळे जखम सोडून पडद्याकडे लागू लागले, आणि या अडचणीवर तोड म्हणून टोकाचे अंतर व दिशा आवाजाच्या उंचीने, गतीने किंवा डाव्या-उजव्या कानाने सांगावी असे प्रयोग सुरू झाले. येथे नाद देहातून येत नाही. संगणकाने हिशेब करून तो रचलेला असतो, आणि हिशेब असतो शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेल्या चित्रावर. कवटी उघडताच मेंदू जागा सोडतो, काही वेळा चांगला सेंटिमीटरभरही. चित्र जुने झालेले असते, आवाज मात्र तितक्याच आत्मविश्वासाने वाजत राहतो. गारफील्डच्या खोलीतील तुलेने दुरून अंतर सांगण्याचा जो पत्कर घेतला होता तोच हा पत्कर होय, आणि बेलच्या सुईने तो कधीच घेतला नाही. या नव्या यंत्रांना मज्जाव करावा असे माझे म्हणणे नाही. पण जेथे ऊतीचा स्वतःचा आवाज आणि संगणकाचा रचलेला आवाज एकाच वेळी कानी येतील आणि त्यांचे जुळणार नाही, तेथे शस्त्रवैद्याने पहिल्यावर विसंबून हात थांबवावा, आणि यंत्र रचणाऱ्यांनी दोहोंचे स्वर असे निरनिराळे ठेवावेत की कोण बोलत आहे याविषयी त्याला क्षणभरही संदेह पडू नये.