शेडच्या दारातला ‘अनुलेख’

नाव खेळाचं, वस्ती कारखान्यांची. इंदूरच्या पोलोग्राउंडात आमचे आबा लेथवर काम करायचे. जेवणाच्या सुट्टीत शेडच्या दारात हिंदी दैनिक ‘नईदुनिया’ उघडायचं आणि आबांनी मोठ्यानं वाचायचं, हा तिथला रिवाज. घरी मराठी बोलणाऱ्या आबांची हिंदी त्या वाचनानंच घोटली गेली. ‘‘पहले अनुलेख, दादा,’’ अशी फर्माईश असे.

‘अनुलेख’ हे राजेंद्र माथुरांचं सदर. १९५५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा माथुर जेमतेम विशीचे, धार जिल्ह्यातल्या बदनावरचे. हिंदी व्यंगकार शरद जोशींनी त्यांना ‘नईदुनिया’चे संपादक राहुल बारपुत्यांकडे नेलं. या मुलाला लिहायचं होतं परराष्ट्र राजकारणावर! बारपुत्यांनी वय पाहिलं नाही, लेखन पाहिलं आणि जागा दिली. माळव्यातल्या गिरणी-कारखान्यांच्या शहरात रोज जगाची उठाठेव कोण वाचणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण आबांना सुएझ कालवा ठाऊक झाला तो ‘अनुलेखा’तूनच.

मराठी वाचकाला बारपुते भेटतात ते कुमार गंधर्व, विष्णू चिंचाळकर, बाबा डिके यांच्या मैफलीतले स्नेही म्हणून. मला त्यांचं संपादकपण अधिक मोलाचं वाटतं. मराठी घरातल्या या माणसानं हिंदी पत्रकारितेला माथुर दिले. प्रभाष जोशीही त्यांच्याच हाताखाली घडले.

माथुर पुढे गुजराती कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि लिहीतही राहिले. १९७० मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ वर्तमानपत्रात आले. आणीबाणी लागली तेव्हा ‘नईदुनिया’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. आबा सांगत, त्या दिवशी शेडमध्ये कुणीतरी म्हणालं, ‘‘आज दादा की छुट्टी.’’ आबांनी तो कोरा चौकोन सगळ्यांपुढे धरला आणि तो का कोरा आहे, हे सुट्टी संपेपर्यंत समजावलं. एवढं मोठं वाचन आपण कधी केलं नाही, असं ते अभिमानानं म्हणत.

१९८२ मध्ये माथुर दिल्लीला ‘नवभारत टाइम्स’मध्ये गेले. निवृत्त आबा तो अंक मिळेल तिथून आणवत. शिळा असला तरी त्यांना चाले. ९ एप्रिल १९९१ ला माथुर गेले, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी. त्याच वर्षी सप्टेंबरात, ‘नवभारत टाइम्स’मध्येच ‘प्रतिदिन’ हे सदर लिहिणारे शरद जोशीही गेले. त्यानंतर आबांनी दिल्लीचा अंक मागवला नाही.