वाळवंटातील वसंत : बीज, फूल आणि पाऊल

दक्षिण कॅलिफोर्नियाचा मोठा भाग मोहावी आणि कोलोरॅडो या दोन वाळवंटांनी व्यापला आहे. वर्षाचा बहुतेक काळ तेथे राखी झुडपे, तापलेले खडक आणि कोरडे ओढे यांखेरीज फारसे काही दृष्टीस पडत नाही. परंतु शरदाच्या अखेरीपासून हिवाळाभर योग्य अंतराने पाऊस झाला, तर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हीच भूमी केशरी, पिवळ्या आणि जांभळ्या रंगांनी क्षितिजापर्यंत भरून जाते. अशी वर्षे ठरावीक क्रमाने येत नाहीत, आणि आली तरी काही आठवड्यांत तो फुलोरा सरतो. या अल्पजीवी वैभवाकडे माणसे निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हेतूंनी गेली. कोणी अन्न वेचावयास गेले, कोणी वाट काढावयास, कोणी नमुने गोळा करावयास, तर कोणी केवळ पाहावयास. या जाण्याचा इतिहास हा एका अर्थी माणसाच्या नजरेचा इतिहास होय. आणि त्या नजरेतून दीर्घकाळ निसटलेली वस्तू म्हणजे फुलामागचे बीज.

या प्रदेशातील काहुइया, कुमेयाय आदी मूळ रहिवाशांच्या लेखी मात्र बीजच मुख्य होते. निळसर फुलांची रानटी चिया ही वनस्पती ओल्या हिवाळ्यानंतर तेथील उतारांवर मुबलक उगवते. तिची बोंडे वाळली की ती झोडपून बी टोपलीत पाडावयाचे, ते भाजावयाचे आणि दळून त्याचे पीठ करावयाचे, असा क्रम असे. महाराष्ट्रात उन्हाळ्यात सरबतात घातला जाणारा सब्जा आणि ही चिया एकाच तुळशीच्या कुळातील. दोन्हींचे बी पाण्यात पडताच फुगून बुळबुळीत होते. काहुइया समाजातील विदुषी कॅथरीन सिव्हा सॉबेल यांनी मानवशास्त्रज्ञ लॉवेल जॉन बीन यांच्यासह १९७२ मध्ये ‘तेमल्पाख’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आपल्या लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वनस्पतिज्ञान अक्षरबद्ध केले. ज्या भूमीला बाहेरून आलेले लोक ओसाड म्हणत, ती तिच्या लेकरांना कोठार वाटत होती, हे त्यातून स्पष्ट होते. त्यांच्या दृष्टीने फुलोरा हा सोहळ्याचा कळस नव्हता. ती सुगीची पूर्वसूचना होती.

बाहेरून आलेल्यांची पहिली गरज वेगळी होती. हुआन बाउतिस्ता दे आन्सा या स्पॅनिश अधिकाऱ्याने १७७४ मध्ये सोनोराकडून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे जाणारा खुष्कीचा मार्ग शोधला, तेव्हा ऐन मार्च महिन्यात त्याची तुकडी आजच्या बोरेगो खोऱ्यातून गेली. तहानलेल्या जनावरांसह निघालेल्या अशा मोहिमेला पाणी कोठे आहे आणि चारा किती आहे, हेच प्रश्न सतावणार, हे उघड आहे. पुढे एप्रिल १८४४ मध्ये अमेरिकन समन्वेषक जॉन चार्ल्स फ्रेमाँट तेहाचापीच्या डोंगरांतून मोहावीच्या पश्चिम टोकाकडे उतरला. वाटेतील केशरी फुलांच्या पसाऱ्याने तो मोहून गेला. परंतु त्याच वाळवंटातील जोशुआ वृक्ष त्याला कमालीचा किळसवाणा वाटला. सुंदर काय आणि कुरूप काय, याची मापे प्रवासी आपल्याबरोबर घेऊन येतो आणि नव्या भूमीला लावून पाहतो, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

त्या केशरी फुलाच्या नामकरणाची कथाही अशीच विलक्षण आहे. १८१६ च्या ऑक्टोबरात ‘रुरिक’ हे रशियन जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात नांगरले. त्यावर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून आलेला आडेलबर्ट फॉन शामिसो हा जर्मन साहित्यात आपली सावली विकणाऱ्या माणसाच्या कथेचा कर्ता म्हणून आधीच प्रसिद्ध झाला होता. किनाऱ्यावर मिळालेल्या या वनस्पतीला त्याने जहाजावरील वैद्य आणि आपला मित्र योहान फ्रीडरिश एशशोल्ट्स याचे नाव दिले, आणि १८२० मध्ये ‘एशशोल्त्सिया कॅलिफोर्निका’ हे नाव छापून आले. ते लिहिताना मित्राच्या नावातील एक अक्षर गळाले आणि वनस्पतिशास्त्राच्या नियमांमुळे ते गळालेलेच राहिले. परंतु त्याहून अर्थपूर्ण गोष्ट निराळीच आहे. ऑक्टोबर हा तेथील कोरड्या ऋतूचा शेवट. ज्याने या फुलाला जगाच्या नोंदवहीत स्थान दिले, त्याने त्याचा ऐन वसंतातील फुलोरा पाहिलाच नव्हता. स्पॅनिश भाषकांनी याच फुलाला ‘सोन्याचा पेला’ म्हटले होते, आणि मूळ रहिवाशांच्या भाषांत त्याला त्यांची स्वतःची नावे होती; शास्त्राच्या कोशात मात्र स्थिरावले ते त्या पाहुण्या वैद्याचे नाव. १९०३ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने हे फूल आपले राज्यपुष्प म्हणून स्वीकारले.

त्याच १९०३ साली मेरी ऑस्टिन या लेखिकेचा ‘द लँड ऑफ लिटल रेन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि वाळवंट हा गंभीर साहित्याचा विषय होऊ शकतो, हे अमेरिकन वाचकांना उमगले. परंतु ओढ लागली की तिच्यामागोमाग हावही येते. मोटारगाड्या वाढल्या आणि लॉस अँजेलिसच्या बागा सजविण्यासाठी लोक वाळवंटातील निवडुंग व वृक्ष मुळासकट उपटून नेऊ लागले. या लुटीविरुद्ध पॅसाडिना येथील मिनर्व्हा हॅमिल्टन हॉइट या बाई उभ्या राहिल्या. १९२८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या पुष्पप्रदर्शनात वाळवंटाचे देखावे उभे केले. ज्यांनी वाळवंट कधी पाहिले नव्हते त्यांना ते दाखविण्यासाठी वाळवंटालाच शहरात नेणे भाग पडले. त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन १९३६ मध्ये जोशुआ ट्री हे राष्ट्रीय स्मारक घोषित झाले. त्यापूर्वी १९३३ मध्ये डेथ व्हॅलीला तसाच दर्जा मिळाला होता, आणि बोरेगोच्या परिसरातील राज्य उद्यानाचा आरंभही त्याच वर्षीचा. १९९४ मध्ये डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री ही दोन्ही स्मारके राष्ट्रीय उद्याने झाली.

संरक्षणाचे कुंपण पडले, तरी मूळ प्रश्न अनुत्तरितच होता : वर्षानुवर्षे रिकाम्या दिसणाऱ्या मातीतून एकाएकी एवढी फुले येतात कोठून? डच वंशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९४० च्या दशकात जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली येथे याचा शोध घेतला. वाळवंटातील माती प्रयोगशाळेत आणून त्यांनी तिच्यावर कृत्रिम पाऊस पाडला. वरून पुरेसे पाणी पडले तर बीजे रुजत. तेवढेच पाणी खालून मुरवून माती भिजविली तर ती रुजत नसत. अनेक बीजांमध्ये अंकुरण रोखणारी द्रव्ये असतात आणि ती धुऊन जाण्याइतका पाऊस झाल्याखेरीज बीज जागे होत नाही, असा याचा उलगडा त्यांनी केला. एखाद्या फसव्या सरीने ते भुलत नाही. पावसाबरोबरच तापमानाचीही साक्ष लागते. म्हणून हिवाळी फुलांची बीजे उन्हाळी वादळाच्या पावसात निजूनच राहतात.

त्याहून गहन बाब पुढे उजेडात आली. अनुकूल वर्षीही सारी बीजे एकदम रुजत नाहीत. डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये यामागील गणित मांडले. पाऊस बेभरवशाचा असेल, तर ज्या वनस्पतीचे सारे बी एकाच वर्षी उगवते, तिचा एका अवर्षणात निर्वंश होतो. काही बी मागे राखणारी मात्र टिकते. कितीही चांगले साल असले तरी पेरणीचे बियाणे कणगीत वेगळे ठेवणाऱ्या शेतकऱ्याचे शहाणपण येथे मातीतच मुरलेले आहे. अ‍ॅरिझोनातील टूसान येथे लॉरेन्स व्हेनेबल यांनी १९८२ पासून केलेल्या प्रदीर्घ निरीक्षणांनी या सिद्धान्ताला दुजोरा दिला. ज्या जातींचे नशीब वर्षागणिक अधिक हेलकावे खाते, त्या जाती दर वर्षी आपल्या बीजांचा तुलनेने लहान वाटा पणाला लावतात, असे त्यांना आढळले. म्हणजेच डोळ्यांना दिसणारा फुलोरा हा व्याजाचा खर्च होय. मुद्दल जमिनीखाली असते.

हे ध्यानात घेतले म्हणजे पाहणाऱ्याच्या पावलाचा प्रश्न किती नाजूक आहे, ते कळते. वर्षायू रोप बी धरण्यापूर्वी चिरडले गेले, तर केवळ एक फूल जात नाही. भावी काळासाठी त्याने भरावयाचा हप्ता चुकतो. पावलांनी माती घट्ट होते, आणि एकाने पाडलेली पायवाट दहांना वाट दाखविते. २०१९ च्या मार्चमध्ये लेक एल्सिनोर या गावाजवळच्या वॉकर कॅन्यनमधील केशरी टेकड्या पाहण्यासाठी एवढी गर्दी लोटली की रस्ते तुंबले आणि तो भाग काही काळ बंद करावा लागला. फुलांच्या मधोमध बसून छायाचित्र काढून घेण्याच्या हौसेने जागोजागी फुलांचे ताटवे तुडविले गेले. २०२३ मध्ये पुन्हा तशीच चिन्हे दिसताच अधिकाऱ्यांनी तो परिसर पाहुण्यांसाठी आधीच बंद केला. बोरेगोच्या खोऱ्यात दुसरेच संकट आहे : विसाव्या शतकात बाहेरून आलेली सहारा मोहरी रानफुलांआधी वाढून जमीन आणि ओल बळकावते. तेथे काही स्वयंसेवक फुले पाहण्याऐवजी ही मोहरी उपटण्यासाठी वाळवंटात जातात. फुलोऱ्याला भेट देण्याची ही नवी रीत मूळच्या वेचणाऱ्यांच्या रीतीला पर्यटकाच्या रीतीपेक्षा जवळची म्हणावी लागेल.

लँकेस्टर गावाच्या पश्चिमेस अँटिलोप व्हॅलीत एक राखीव क्षेत्र आहे. जेन पिन्हेरो या रानफुलांची चित्रे काढणाऱ्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ खटपट केल्यावर ते १९७६ मध्ये खुले झाले. तेथे बी पेरले जात नाही आणि पाणीही घातले जात नाही. फुलोरा येईल तेव्हा येईल, अशी त्या व्यवस्थेची भूमिका आहे. त्यामुळे लांबून आलेल्या पाहुण्याला एखाद्या वसंतात वाळके गवत आणि वारा एवढेच पाहून परतावे लागते. त्या वर्षीही टेकड्यांवरून फिरणाऱ्या वाटा त्याच असतात, आणि वाट सोडून पाऊल न टाकण्याचा नियमही तोच असतो.