भाड्याचं घर कशामुळे बिघडतं?

'भाड्याचं घर कोण जपतो?' असं सोसायटीच्या सभेत कुणी म्हटलं की आजूबाजूच्या माना हलतात. या मतामागचा युक्तिवाद साधारण असा असतो. मालकी नाही तिथे माया नाही. भाडेकरू जितका जास्त काळ राहील तितकी घराची दुर्दशा जास्त. मुंबईतल्या जुन्या, टेकू लावलेल्या इमारती हा त्याचा ढळढळीत पुरावा. म्हणून करार ११ महिन्यांचा करावा, फर्निचर मालकानेच करून द्यावं आणि भिंतीला खिळा ठोकू देऊ नये. घरमालक हे म्हणतातच, पण आयुष्यभर भाड्याने राहिलेली माणसंही हे मान्य करतात. मला हे मत मुळातच चुकीचं वाटतं, आणि त्यातला सगळ्यात भक्कम समजला जाणारा पुरावा, म्हणजे जुनी मुंबई, त्याच्याच विरुद्ध साक्ष देते.

या मतात खरं किती ते आधी सांगतो. मुंबईत भाडेनियंत्रण १९१८ पासून या ना त्या रूपात आहे. १९४७ च्या कायद्याने बहुतेक जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवलं. सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी सगळं वाढत गेलं, भाडं तिथेच राहिलं. मालकांनी इमारतीवर खर्च करणं सोडलं. शेवटी १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला आणि सुमारे १९ हजार ६०० इमारतींची दुरुस्ती उपकरातून सुरू झाली. 'मालपे विश्वनाथ आचार्य' खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्या आहेत. गोठलेल्या भाड्याने इमारती खचल्या, हे निर्विवाद आहे.

पण खचलं काय? जिना, वासे, छप्पर, सज्जाचे ब्रॅकेट, सामाईक संडास, सांडपाण्याचे पाईप. यांतल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी मालकाची होती. आता त्याच इमारतीत दाराच्या आत या. गिरगावात, लालबागेत, दादरला पागडीच्या कुठल्याही दोन खोल्यांत डोकावलं तर दिसतं ते असं: जुनी शहाबादी फरशी काढून घातलेल्या टाईल्स, कडप्प्याचा उभा ओटा, उंच छताचा फायदा घेऊन काढलेला पोटमाळा, त्याला लावलेली लोखंडी शिडी, कोपऱ्यातल्या मोरीची केलेली छोटी बाथरूम, दर दोन-तीन वर्षांनी गणपतीआधी दिलेला रंग. यातला एक पैसाही मालकाचा नाही. वीस-तीस रुपये भाडं भरणाऱ्या गिरणी कामगाराने आणि कारकुनाने बोनस, भिशी, सोसायटीचं कर्ज असं करत हे केलं. जिना पडायला आलेला आणि आत ओटा लखलखीत, हे दृश्य मुंबईकराला अनोळखी नाही.

कायद्यालाही हे माहीत आहे. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर भाडेकरूला घराबाहेर काढता येतं, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, हवेसाठी काढलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, धुराडं यांना कायमच्या बांधकामातून वगळलं आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये ही यादी आजही आहे. भाडेकरू दुसऱ्याच्या घरावर स्वतःचा पैसा लावत नसते, तर विधिमंडळाला ही यादी करायचं कारणच पडलं नसतं.

तेव्हा जुन्या मुंबईत दोन गोष्टी एकाच वेळी होत्या: गोठलेलं भाडं आणि लांब मुदतीची खात्री. पहिलीने इमारत बाहेरून मोडली, दुसरीने घर आतून उभं केलं. आपण दोन्हींची मोट बांधली आणि दोष खात्रीच्या माथी मारला.

हा निष्कर्ष चूक आहे हे तपासायला लांब जायला नको. त्याच मुंबईत आणि पुण्यात लीव्ह अँड लायसन्सवर दिलेले लाखो फ्लॅट आहेत. तिथे भाडं गोठलेलं नाही. ते बाजारभावाने ठरतं आणि करार नवा झाला की वाढतं. भाडेकरू जुना होण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे प्रचलित मताप्रमाणे ही घरं उत्तम स्थितीत असायला हवीत.

प्रत्यक्षात काय दिसतं? बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून असते. बाथरूमच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं. पाणी भिंतीत मुरतं, प्लास्टरमधले क्षार पांढरे होऊन बाहेर फुलतात, रंगाचे पोपडे सुटतात. यावर खरा इलाज म्हणजे बाथरूमची फरशी उखडून नव्याने वॉटरप्रूफिंग करणं, आणि त्यासाठी घर काही दिवस बंद ठेवावं लागतं. स्वस्त इलाज म्हणजे पोपडे खरवडून पुट्टी आणि रंगाचा हात. करार संपला, पुट्टी झाली, उन्हाळ्यात नवं कुटुंब घर बघून गेलं, पहिल्या पावसात भिंत पुन्हा ओली. राहणारा तक्रार करतो, मालक म्हणतो बघू, तोवर सहा महिने उरलेले असतात. दोघांचाही हिशेब सरळ आहे: इतक्या थोड्या दिवसांसाठी कुणी फरशी उखडत नाही. ती ओल राहणाऱ्याने आणलेली नाही. ती मुदतीने पोसली आहे.

शिवाय मालकाचा यात फायदा होतो, हेही तपासून बघावं. समजा भाडं ३० हजार आहे. दर वेळी राहणारा बदलला की रंग, एजंटाची दलाली, आणि घर महिनाभर जरी रिकामं राहिलं तर एक पूर्ण भाडं गेलं. हे सगळं दर वर्षी. त्याच पैशात दोन-तीन वर्षांत ते वॉटरप्रूफिंग कधीच झालं असतं.

मग ११ महिनेच का? याला इतिहास आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय मालकांना नावं ठेवणं बरोबर नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती कटकट टाळायला ११ महिने. त्यात १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारीला चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. एका रात्रीत घर हातातून गेल्याची ती भीती पुढच्या पिढीपर्यंत पोचली, आणि ती समजण्यासारखी आहे. पण आता ही दोन्ही कारणं उरलेली नाहीत. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्काचा दर ६० महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला एकच आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि राहणाऱ्याला दुप्पट शुल्काने भरपाई द्यावी लागते. पाच वर्षांचा करार केल्याने मालकाचं घर जात नाही. जुन्या भाडेकरूला मात्र दुरुस्तीसाठी कलम १४ चा आधार आहे: मालकाने नोटिशीनंतर दुरुस्ती केली नाही तर ती स्वतः करून, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत, भाड्यातून वळती करता येते. लायसन्सवर राहणाऱ्याला करारात लिहिलं असेल तेवढंच.

आणि करारात काय लिहिलेलं असतं? शेवटच्या पानावरची यादी वाचा. पंखे ४, ट्यूब ५, गीझर १, वॉर्डरोब २, पडद्यांचे रॉड ३. आकडे असतात, अवस्था नसते. गीझर किती वर्षांचा, वॉर्डरोबची मागची प्लाय ओलीने फुगलीय का, याबद्दल अवाक्षर नाही. सगळं 'सुस्थितीत' आहे असं एका ओळीत कबूल करून सही होते, आणि घर सोडताना त्याच ओळीवरून डिपॉझिट कापलं जातं.

सेमी-फर्निश्ड घर म्हणजे भाडेकरूची सोय, हा समज मला याच कारणाने पटत नाही. वर्षभर राहणाऱ्याला ती सोय असेल. पण मालकाचा हलका वॉर्डरोब सांभाळत पाच वर्षं काढणाऱ्या कुटुंबाला स्वतःचं कपाट परवडतं, टिकतं आणि पुढच्या घरी नेता येतं. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहतात आणि करार बहुधा बेमुदत असतात. मुदतबंद करार करायचा तर कायद्याने मान्य केलेलं कारण द्यावं लागतं. तिथे घर बऱ्याचदा इतकं रिकामं मिळतं की स्वयंपाकघरात ओटासुद्धा नसतो. पुण्याहून बर्लिनला किंवा म्युनिकला नोकरीसाठी गेलेल्यांना त्याचा पहिला धक्का बसतो. मग कळतं की राहणारा तिथे स्वतःचं किचन बसवतो आणि जाताना पुष्कळदा नव्या भाडेकरूला विकतो. घर ताब्यात घेताना खोलीवार अवस्था लिहून दोघं सही करतात. डिपॉझिटला तीन महिन्यांच्या मूळ भाड्याची मर्यादा आहे. भाडं वाढतं, पण तीन वर्षांत २० टक्क्यांपर्यंत, टंचाईच्या शहरांत १५. म्हणजे भाडं न गोठवताही लांब मुदत देता येते, आणि ती मिळाली की लोक परक्याच्या भिंतीवर आपलं किचन बसवतात.

खिळे, तेलकट डाग, मुलांनी ओढलेल्या रेघोट्या याबद्दल मालकांची तक्रार खरी असते. पण वापराने होणारी झीज वेगळी आणि नुकसान वेगळं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने हा भेद केला आहे: भाडेकरूने घर मिळालं तसं परत करायचं, रास्त वापराची झीज सोडून. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी केलेल्या नमुना भाडेकरार कायद्यात तर कामांची वाटणीच आहे. रंगसफेदी, पाईप बदलणं, वायरिंग आणि इमारतीची दुरुस्ती मालकाकडे. नळाचे वॉशर, स्विच, कुलपं, गीझरची दुरुस्ती राहणाऱ्याकडे. घराचं डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त नको. करार करणाऱ्या दोघांनी ठरवलं तर ही वाटणी आजच्या लायसन्समध्ये जशीच्या तशी उतरवायला काहीच हरकत नाही.

एक आक्षेप उरतो. मालकाला घर मध्येच लागलं तर? मुलगा परदेशातून परत आला, आजारपण आलं, घर विकायची वेळ आली. त्यासाठी सगळ्यांनाच ११ महिन्यांवर टांगायची गरज नाही. ३६ किंवा ६० महिन्यांचा करार, पहिल्या वर्षाचा लॉक-इन, पुढे तीन महिन्यांची नोटीस, दर वर्षीची वाढ टक्क्यांत आधीच लिहिलेली, आणि राहणाऱ्याने मालकाच्या संमतीने बसवलेल्या ओट्याचा किंवा जाळीचा खर्च लवकर घर सोडावं लागलं तर कसा परत मिळेल, याची एक ओळ. एवढ्यावर मालकाची अडचण भागते, आणि राहणारा पहिल्याच महिन्यात गवंडी बोलावून ओल कुठून येते ते बघायला सांगतो.