प्रोमोत दाखवलं ते गेलं कुठे? नारायणगावच्या राहुटीपासून सुप्रीम कोर्टापर्यंत

आजचा विषय तुमच्या घरातलाच आहे. प्रोमोत नायिका सगळ्यांसमोर खलनायिकेचं पितळ उघडं पाडते. आपण आठवडाभर वाट बघतो. आणि एपिसोडमध्ये कळतं, ते तर स्वप्न होतं! आमच्या मंचरच्या घरात अशा वेळी आजीचा एकच उद्गार असतो, "मेल्यांनी परत फसवलं." पण या फसवणुकीची दाद मागायची कुठे?

त्यासाठी आधी जरा मागे जाऊ. मंचरहून नाशिक रस्त्याने पुढे निघालं की जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव लागतं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं गाव, तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात आणि आपल्या जत्रेसाठी सुपारी ठरवतात. चैत्र पौर्णिमेसारख्या तारखांना भाव चढतो. घासाघीस होते, इसार दिला जातो.

आता यातली गंमत बघा. फडाचा मॅनेजर राहुटीत बसून आपल्या खेळाची तारीफ करतो, तोही प्रोमोच की! पण समोर बसलेल्या पंचांच्या हातात पैसे असतात. ठरल्याप्रमाणे खेळ झाला नाही, तर जाब कुणाला विचारायचा हे त्यांना पक्कं माहीत असतं. शिवाय पुढच्या वर्षी शेजारच्या राहुटीत जायला ते मोकळे असतात.

टीव्हीवर हे नातं बदललं. १९९९ मध्ये अल्फा मराठी, म्हणजे आजचं झी मराठी, सुरू झालं आणि नंतर मराठी वाहिन्या वाढत गेल्या. स्पर्धा आली, टीआरपी आला. वाहिनीला मोठा पैसा जाहिरातदार देतो, आणि तो आपल्या नजरेसाठी देतो. म्हणजे या व्यवहारात आपण पंच नाही, आपण विकला जाणारा माल आहोत.

मग कोर्टात गेलं तर? एक बाई खरंच गेल्या. २०१६ साली शाहरुख खानचा 'फॅन' आला. प्रोमोत 'जबरा फॅन' गाणं जोरात वाजत होतं, सिनेमात मात्र ते नव्हतंच. औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने मात्र १० हजार रुपये भरपाई आणि ५ हजार रुपये खर्च मंजूर केला. राष्ट्रीय आयोगानेही तो निकाल कायम ठेवला.

पण २२ एप्रिल २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रोमो हा करार नाही, कराराचा प्रस्तावही नाही. त्यात दिसलेलं गाणं सिनेमात असेलच, असं वचन त्यातून निघत नाही.

लक्षात घ्या, त्या बाईंनी निदान तिकीट काढलं होतं. मालिकेच्या एका एपिसोडचं तर आपण तिकीटही काढत नाही. तेव्हा कोर्टाची वाट अजूनच अवघड.

मग आपल्या हातात उरतं काय? माझ्या मते, राहुटीतून उठून जाण्याचा पंचांचा हक्क. प्रोमो शेअर केला की त्यांचा आकडा वाढतो, आणि त्याखाली चिडून केलेली कमेंटही त्यांच्याच खात्यात जमा होते. आपला इसार म्हणजे आपला वेळ, आणि तो कुणाला द्यायचा हे अजून आपणच ठरवतो.